आठ स्वार आणि एक पदक : हिंगोलीची छावणी ते लॉर्ड्सचे मैदान

१/
१५ जानेवारी १८५९. रिसोड परिसरातील चिचांबा या गावापाशी हैदराबाद कंटिंजंटच्या दुसऱ्या रिसाल्याचा एक इंग्रज कप्तान अवघे ८ स्वार बरोबर घेऊन शत्रूच्या जमावावर तुटून पडला. त्या ८ पैकी ७ जण त्याने गमावले. तो स्वतः गंभीर जखमी झाला आणि या कामगिरीबद्दल त्याला व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. पुढे त्याचा नातू लष्करी अधिकारी झाला, इंग्लंडमध्ये हौशी क्रिकेटपटू म्हणून खेळला आणि लॉर्ड्सच्या मैदानाची मालकी असलेल्या एमसीसीचा अध्यक्षही झाला. हा धागा त्या आजोबांचा आणि नातवाचा आहे. त्याहूनही अधिक तो त्या ८ स्वारांचा आहे.

२/
प्रथम भूगोल. शिरड शहापूर हे औंढा नागनाथ तालुक्यातील गाव तेथील मल्लिनाथाच्या जैन मंदिरामुळे ओळखले जाते. तेथून उत्तरेकडे निघाले की नागनाथाचे औंढा लागते आणि त्यापुढे हिंगोली. हिंगोलीच्या पलीकडे पैनगंगा वाहते व नदी ओलांडली की वऱ्हाड सुरू होते. आज ही मराठवाडा आणि विदर्भ यांच्यातील साधी जिल्हासीमा आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर मात्र ही दोन राजवटींमधील रेषा होती. तिच्या दक्षिणेला निजामाचा अंमल होता आणि उत्तरेला इंग्रजांचा.

३/
ही रेषा आखली गेली ती एका कर्जामुळे. निजामाच्या राज्यात इंग्रजी फौजा दोन प्रकारच्या होत्या. एक तैनाती फौज. तिचा मुक्काम मुख्यतः सिकंदराबादेस असे. दुसरी फौज निजामाच्या नावाची, निजामाच्या पैशाची, पण इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखालची होती. तिचे मूळ १८१३ मध्ये रेसिडेंट हेन्री रसेल याने उभारलेल्या ‘रसेल ब्रिगेड’मध्ये आहे. या दुसऱ्या फौजेचा खर्च निजामाच्या तिजोरीला पेलेना. पगार थकले, कंपनीने पैसे उसने दिले आणि कर्ज वाढत गेले.

४/
२१ मे १८५३ रोजी, डलहौसीच्या कारकिर्दीत, नवा तह झाला. फौजेचा खर्च कायमचा भागावा म्हणून वऱ्हाड, धाराशिव आणि रायचूर दुआब हे मुलूख इंग्रजांच्या व्यवस्थेखाली गेले. धाराशिव व रायचूर दुआब १८६० मध्ये परत मिळाले, वऱ्हाड मात्र मिळाले नाही. त्या फौजेला आता ‘हैदराबाद कंटिंजंट’ हे नाव पडले. वऱ्हाडातील कापूस पिकवणाऱ्या कुणब्याच्या शेतसाऱ्यातून बोलारम, एलिचपूर, औरंगाबाद, मोमिनाबाद आणि हिंगोली येथील पलटणींचा पगार निघू लागला.

५/
हिंगोलीची छावणी त्याआधीची, १८१९ पासूनची. ती १९०३ पर्यंत टिकली. छावणी म्हणजे केवळ बराकी नव्हेत. तिच्याभोवती बाजार वसतो. दाणावैरणीचे व्यापारी, नालबंद, मोची, शिंपी, धोबी, भिस्ती, खानसामे असा सारा गोतावळा येतो. घोड्यांचा हरभरा आसपासच्या शेतांतून येतो. त्यामुळे औंढा, वसमत, शिरड शहापूर, सेनगाव या टापूच्या दृष्टीने हिंगोली हे जवळजवळ ८४ वर्षे सैन्याचे गाव होते. तेथे कवायतीचे मैदान होते, इंग्रजांचे बंगले होते आणि इंग्रजांचे कबरस्तानही होते.

६/
कंटिंजंटच्या रिसाल्याची रचना मराठी वाचकाला परकी वाटणार नाही. मराठ्यांच्या फौजेत दोन प्रकारचे घोडेस्वार असत. सरकारी घोड्यावर बसणारा तो बारगीर आणि स्वतःचा घोडा व हत्यार घेऊन येणारा तो शिलेदार. इंग्रजांनी हीच शिलेदारी पद्धत आपल्या अनियमित घोडदळात उचलली आणि शब्दही उचलला. स्वार घोडा, खोगीर व पोशाख स्वतःच्या खर्चाने आणी आणि त्या बदल्यात त्याला पगार पायदळाच्या शिपायाहून जास्त मिळे. याचा अर्थ असा, की रिसाल्यातील स्वार हा नुसता चाकर नव्हता. त्याची पुंजी त्याच्या मांडीखाली धावत असे.

७/
अशा रिसाल्यात कप्तान हर्बर्ट मॅकवर्थ क्लॉगस्टन दाखल झाला. त्याचा जन्म १३ जून १८२० रोजी वेस्ट इंडीजमधील त्रिनिदाद बेटावर, पोर्ट ऑफ स्पेन येथे झाला. तो मूळचा १९ व्या मद्रास नेटिव्ह इन्फन्ट्रीचा अधिकारी. तेथून त्याची नेमणूक कंटिंजंटच्या दुसऱ्या रिसाल्यावर झाली. एका वसाहतीत जन्म, दुसऱ्या वसाहतीत नोकरी हे त्या काळच्या इंग्रज लष्करी घराण्यांचे नेहमीचे चित्र होते. क्लॉगस्टनने लंडनच्या दरबाराची नव्हे, तर दख्खनच्या छावण्यांची चाकरी केली.

८/
त्याची सोयरीकही छावणीतलीच. त्याची पत्नी मेरी ही कॉलिन मॅकेंझी या अधिकाऱ्याची मुलगी. मॅकेंझी हे पहिल्या अफगाण युद्धात काबूलला ओलीस राहिलेले प्रसिद्ध नाव. पुढे तो कंटिंजंटमध्येच ब्रिगेडियर होता. २१ सप्टेंबर १८५५ रोजी बोलारम येथे मोहरमच्या मिरवणुकीवरून वाद पेटला आणि कंटिंजंटच्याच तिसऱ्या रिसाल्यातील स्वारांनी मॅकेंझीवर तलवारी चालवल्या. तो जबर जखमी होऊनही वाचला. स्वार व साहेब यांच्यातील नाते आंधळ्या निष्ठेचे नव्हते, हे १८५७ च्या दोन वर्षे आधीच दिसून आले होते.

९/
१८५७ साली उत्तरेत आग भडकली तेव्हा निजामाचा दरबार इंग्रजांच्या बाजूस राहिला. १८५८ मध्ये कंटिंजंटच्या तुकड्या सर ह्यू रोज याच्या फौजेबरोबर मध्य हिंदुस्थानात लढल्या. ज्या मोहिमेत झाशी पडली, काल्पी पडली आणि ग्वाल्हेरही पडले, त्याच मोहिमेत दख्खनचे हे स्वार इंग्रजांच्या बाजूने होते. ही गोष्ट मराठी मनाला बोचते. परंतु इतिहास वाचायचा तर ती टाळून चालत नाही. राणी लक्ष्मीबाईंच्या विरुद्ध बाजूस उभ्या असलेल्या फौजेत आपल्याच मुलखातील माणसे पगारावर होती.

१०/
१८५८ च्या अखेरीस तात्या टोपे यांनी नर्मदा ओलांडली. ते मुलताईपर्यंत आले. तेथून वऱ्हाड दूर नव्हते. पेशव्यांचा सेनानी दख्खनमध्ये उतरला तर सारा मुलूख पेट घेईल, ही इंग्रजांची मोठी धास्ती होती. तात्यांना दक्षिणेची वाट मिळाली नाही, पण निजामाच्या हद्दीत अस्वस्थता होतीच. रोहिल्यांच्या हत्यारबंद टोळ्या सरहद्दीवर हालचाली करत होत्या. पगारी शिपाईगिरी व सावकारी यांवर जगणारे हे पठाण निजामाच्या राज्यात फार पूर्वीपासून होते. इंग्रजी कागद त्यांना ‘बंडखोर’ म्हणतात आणि त्याच वाक्यात ‘लूट’ हा शब्दही वापरतात.

११/
या शब्दांकडे थोडे सावधपणे पाहिले पाहिजे. १ नोव्हेंबर १८५८ रोजी राणीचा जाहीरनामा वाचला गेला आणि कंपनीचे राज्य संपले. त्यानंतर जो कोणी हत्यार घेऊन उभा राहील तो इंग्रजांच्या लेखी बंडखोर किंवा दरोडेखोर ठरणार होता. गावकऱ्यांच्या बाजूने पाहिले तर चित्र वेगळे दिसते. ज्यांचे धान्य व दागिने टोळीने नेले त्यांना तो दरोडाच वाटला असणार. १८५९ च्या त्या हिवाळ्यात स्वातंत्र्याचे युद्ध, पगार गमावलेल्या शिपायांची चीड आणि उघड लुटालूट या तिन्ही गोष्टी एकाच वाटेवर चालत होत्या.

१२/
अशा वेळी चिचांब्याची घटना घडली. व्हिक्टोरिया क्रॉसच्या सरकारी मजकुराचा आशय असा : कप्तान क्लॉगस्टन याने आपल्या रिसाल्याचे फक्त ८ लोक घेऊन बंडखोरांवर चढाई केली, त्यांना पुन्हा गावात शिरणे भाग पाडले आणि अखेर लूट टाकून देण्यास लावले. तो स्वतः जबर जखमी झाला आणि बरोबरच्या ८ पैकी ७ जण त्याने गमावले. मजकूर एवढाच आहे. त्या वेळी त्याचे वय ३८ वर्षांचे होते.

१३/
८ पैकी ७. हा आकडा वाचून डोळे पुढे सरकतात, कारण वाक्याचा कर्ता कप्तान आहे. पण क्षणभर वाक्य उलट फिरवून पाहावे. ८ माणसे आपापल्या घोड्यांवर होती. समोर कितीतरी जास्त माणसे होती आणि मागे गावाच्या भिंती. साहेबाने इशारा केल्यावर त्यांतील एकानेही लगाम मागे खेचला असता तर ही चढाई झालीच नसती. ज्या धाडसाचे पदक एकाच्या छातीवर लागले, ते धाडस ९ जणांनी केले होते. त्यांपैकी ८ जणांची नावे त्या मजकुरात नाहीत.

१४/
नावे का नाहीत? याचे उत्तर पदकाच्या नियमांत आहे. व्हिक्टोरिया क्रॉस २९ जानेवारी १८५६ रोजी सुरू झाला. ‘हुद्दा न पाहता केवळ शौर्य पाहायचे’ ही त्यामागची मूळ कल्पना. साधा गोरा शिपाईही त्याला पात्र होता आणि त्या काळात ही क्रांतिकारक गोष्ट होती. १८५७ मध्ये कंपनीच्या फौजेतील युरोपीय अधिकारी व शिपाई यांनाही तो खुला झाला. हिंदी सैनिकाला मात्र तो १९११ च्या दिल्ली दरबारापर्यंत मिळू शकत नव्हता. चिचांब्याच्या स्वारांनी काहीही केले असते तरी हे पदक त्यांच्यासाठी नव्हतेच.

१५/
हिंदी सैनिकांसाठी ‘ऑर्डर ऑफ मेरिट’ हा वेगळा सन्मान होता. तो १८३७ पासूनचा, म्हणजे व्हिक्टोरिया क्रॉसपेक्षा १९ वर्षांनी जुना. त्यात तीन वर्ग होते आणि त्याच्याबरोबर वाढीव पगार मिळे. तेव्हा ‘इंग्रजांनी हिंदी शौर्याची दखलच घेतली नाही’ असे म्हणणे बरोबर नाही. त्यांनी दखल घेतली, पण वेगळ्या वहीत. एकाच चढाईसाठी दोन वह्या होत्या. एका वहीतील नाव जगभर वाचले गेले आणि दुसरीतील नावे दप्तरात राहिली.

१६/
क्लॉगस्टन पुढे मेजर झाला. ६ मे १८६२ रोजी हिंगोली येथेच त्याचा मृत्यू झाला. वय ४१. मागे पत्नी आणि लहान मुली राहिल्या. दख्खनमधील कित्येक इंग्रज घरांची कथा येथेच संपते. कबरस्तानात एक दगड राहतो आणि कुटुंब जहाजाने परत जाते. क्लॉगस्टनच्या मुलींची कथा मात्र तेथून वेगळे वळण घेते. हे वळण समजण्यासाठी त्यांच्या आजोळाकडे पाहावे लागते.

१७/
मुलींची आजी, म्हणजे कॉलिन मॅकेंझीची पहिली पत्नी, ही कलकत्त्याच्या पॅटल घराण्यातील होती. या पॅटल बहिणी व्हिक्टोरियन इंग्लंडच्या कलाजगतात फार गाजल्या. एक बहीण म्हणजे प्रख्यात छायाचित्रकार ज्युलिया मार्गारेट कॅमेरॉन. दुसरी सारा प्रिन्सेप. लंडनमधील तिच्या घरी चित्रकार व कवी यांचा अड्डा असे. तिसरी मारिया. लेखिका व्हर्जिनिया वूल्फ ही तिची नात. चौथी व्हर्जिनिया, काउंटेस सॉमर्स. हिंगोलीत पोरक्या झालेल्या मुलींना आधार मिळाला तो या गोतावळ्याचा.

१८/
त्यांपैकी ब्लांच क्लॉगस्टन हिचे पालकत्व चित्रकार जॉर्ज फ्रेडरिक वॉट्स याने घेतले. वॉट्स हा प्रिन्सेप कुटुंबाच्या घरी वर्षानुवर्षे राहत असे आणि आइल ऑफ वाइट बेटावरील फ्रेशवॉटर येथे या मंडळींची वस्ती होती. कवी टेनिसन तेथलाच शेजारी. १८८३ मध्ये ब्लांचचा विवाह हर्बर्ट हाल्डेन सॉमर्स-कॉक्स याच्याशी झाला. २० मार्च १८८७ रोजी फ्रेशवॉटर येथे त्यांना मुलगा झाला. त्याचे नाव आर्थर हर्बर्ट टेनिसन सॉमर्स-कॉक्स. त्यातील ‘हर्बर्ट’ हे नाव त्याच्या वडिलांचे होते, तसेच हिंगोलीत मरण पावलेल्या त्याच्या आजोबांचेही.

१९/
१८९९ मध्ये, वयाच्या १२ व्या वर्षी, हा मुलगा सहावा बॅरन सॉमर्स झाला. शिक्षण चार्टरहाउस व ऑक्सफर्ड येथे झाले आणि पुढे तो ‘लाइफ गार्ड्स’ या राजाच्या घोडदळात अधिकारी झाला. पहिल्या महायुद्धात त्याने फ्रान्समध्ये लढाई पाहिली, ‘डीएसओ’ आणि ‘मिलिटरी क्रॉस’ ही पदके मिळवली आणि घोडा सोडून रणगाड्यांच्या दलात नेतृत्व केले. चिचांब्याला घोड्यावरून चढाई करणाऱ्याचा नातू रणगाड्यात बसला. अवघ्या ६० वर्षांत युद्धाचे रूप इतके पालटले.

२०/
युद्धानंतर लॉर्ड सॉमर्स १९२३ ते १९२५ या काळात वूस्टरशर या इंग्लिश परगण्याकडून प्रथम दर्जाचे क्रिकेट खेळला. तो ‘अमॅच्युअर’, म्हणजे हौशी खेळाडू होता. इंग्लंडमध्ये तेव्हा क्रिकेटपटूंच्या दोन जाती होत्या. पगार न घेणारे ते ‘जंटलमेन’ आणि पगार घेणारे ते ‘प्लेअर्स’. कपडे बदलण्याच्या खोल्या वेगळ्या, मैदानात उतरण्याची दारे वेगळी. धावफलकावरही भेद दिसे. हौशी खेळाडूची आद्याक्षरे आडनावाच्या आधी छापत, व्यावसायिकाची आडनावानंतर. कर्णधारपद बहुतेक ठिकाणी हौशी खेळाडूकडेच जाई.

२१/
त्याच वूस्टरशर संघात फ्रेड रूट हा व्यावसायिक गोलंदाज होता. संघ दुबळा होता, त्यामुळे गोलंदाजीचा सारा भार रूटच्या खांद्यावर पडे. १९२५ च्या एका मोसमात त्याने वूस्टरशरसाठी २०७ बळी घेतले. त्या परगण्याचा तो विक्रम ठरला. हाच रूट पुढे आपल्या जगण्याविषयी एक पुस्तक लिहून गेला, ‘अ क्रिकेट प्रोज लॉट’. लॉर्ड सॉमर्स आणि फ्रेड रूट एकाच संघाचे. एक मोसमात काही सामने खेळायला येणारा सरदार, तर दुसरा त्याच खेळावर पोट भरणारा.

२२/
हा भेद महाराष्ट्राच्या मातीतही उतरला होता. १८९० च्या दशकात पुण्यातील इंग्रजांच्या क्लबात कप्तान जॉन ग्लेनी ग्रेग नावाचा एक लष्करी अधिकारी फलंदाजीचा सराव करी. त्याचा जन्म महूच्या छावणीत झाला होता आणि हौशी क्रिकेटपटू म्हणून तो फार नावाजला. त्याला तासन् तास चेंडू टाकणारा क्लबचा नोकर म्हणजे पळवणकर बाळू. महिना चार रुपयांच्या आसपास पगार. बाद केल्यास ग्रेग आठ आणे बक्षीस देई, असे सांगितले जाते. चेंडू टाकायला बाळू चाले, पण त्याच्या हाती बॅट कधी दिली गेली नाही.

२३/
बाळू चर्मकार समाजातील. त्यामुळे हिंदूंच्या संघात आल्यावरही चहाची कपबशी त्याच्यासाठी वेगळी असे. साहेबांच्या क्लबात वर्गाची भिंत, आपल्या संघात जातीची भिंत. तरीही फेब्रुवारी १९०६ मध्ये मुंबईत हिंदू संघाने युरोपीय संघाला १०९ धावांनी हरवले आणि १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात बाळूने ११४ बळी घेतले. हे आज आपण आकड्यांसह सांगू शकतो. कारण धावफलकावर ‘बाळू’ हे नाव छापलेले आहे.

२४/
क्रिकेट आणि चिचांबा हे दोन धागे येथे एकत्र येतात. क्रिकेटमध्ये विषमता होती. आद्याक्षरांची होती, दारांची होती आणि जेवणाच्या ताटांची होती. पण धावफलक लिहिताना अकराच्या अकरा नावे लिहावीच लागत. लॉर्डने ५ धावा केल्या आणि मजुराने ७ बळी घेतले, तर तसेच छापावे लागे. रणांगणावरच्या सरकारी मजकुराला ही सक्ती नव्हती. तेथे एक नाव आणि ‘८ लोक’ असा आकडा पुरे होई. धावफलकाने भेद ठेवला, पण माणूस पुसला नाही. पदकाच्या मजकुराने मात्र तो पुसला.

२५/
लॉर्ड सॉमर्सला या भिंती दिसत नव्हत्या असे नाही. १९२६ ते १९३१ तो ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया प्रांताचा गव्हर्नर होता. तेथे १९२९ मध्ये त्याने एक शिबिर सुरू केले. त्यात श्रीमंतांच्या शाळांतील मुले आणि कारखान्यांत काम करणारी मुले एकत्र राहात, एकत्र खेळत. ते त्याच्या नावाने पुढेही चालू राहिले. १९४१ मध्ये तो बेडन-पॉवेलनंतर बालवीर चळवळीचा प्रमुखही झाला. माणूस उदार होता. पण ज्या खेळावर त्याचे प्रेम होते, त्यातील दोन दारांची प्रथा अधिकृतपणे संपायला १९६२ चा नोव्हेंबर उजाडावा लागला.

२६/
१९३६ मध्ये लॉर्ड सॉमर्स एमसीसीचा अध्यक्ष झाला. त्याच वर्षी भारतीय संघ इंग्लंडच्या दौऱ्यावर होता. १९३२ मध्ये लॉर्ड्सवर भारताच्या पहिल्या कसोटीचे नेतृत्व करणारे नागपूरचे सी. के. नायडू याही संघात होते. कर्णधार मात्र विजयनगरमचे महाराजकुमार होते. खेळ कोणाचा मोठा हे सारे जाणत होते आणि कर्णधारपद कोणाकडे गेले हेही साऱ्यांनी पाहिले. हिंगोलीच्या कप्तानाचा नातू ज्या संस्थेच्या अध्यक्षपदी बसला, तिच्याच अंगणात हिंदुस्थानी क्रिकेटही जन्माच्या मानाला गुणाच्या मानापुढे ठेवत होते.

२७/
इकडे हिंगोलीचे काय झाले? १९०२ मध्ये कर्झनने निजामाशी नवा करार केला. वऱ्हाड वर्षाला २५ लाख रुपयांच्या मोबदल्यात कायमच्या पट्ट्याने इंग्रजांकडे गेले. १९०३ मध्ये कंटिंजंट मोडून ती हिंदी सैन्यात मिसळण्यात आली आणि हिंगोलीची छावणी उठली. पलटणी गेल्या, बाजार राहिला. कापसाच्या पेठेने गावाला तारले. १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा होऊन हिंगोली जिल्हा झाला, तेव्हा छावणी उठून ९६ वर्षे झाली होती.

२८/
दुसरा रिसाला मात्र नाहीसा झाला नाही. १९०३ मध्ये तो ‘२९ वे लान्सर्स (डेक्कन हॉर्स)’ झाला. १९२१ मध्ये तो कंटिंजंटच्याच पहिल्या रिसाल्यापासून बनलेल्या रेजिमेंटमध्ये विलीन झाला. आज भारतीय सैन्यातील ‘डेक्कन हॉर्स’ हे रणगाडा दल त्याचा वारसा चालवते. सप्टेंबर १९६५ मध्ये पंजाबात असल उत्तरच्या लढाईत या दलाचे शेर्मन रणगाडे पाकिस्तानी पॅटन रणगाड्यांसमोर उभे राहिले. पैनगंगेच्या काठावरच्या शिलेदारांची परंपरा अशा रीतीने स्वतंत्र भारताच्या कामी आली.

२९/
आता दोन तारखा. १० जुलै १९४४ रोजी इटलीत तैबर नदीच्या खोऱ्यात मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या एका तुकडीवर मशीनगनचा मारा झाला. तुकडीतील सारे जण ठार किंवा जखमी झाले. उरला फक्त तुकडीचा नायक. तो एकटाच मशीनगनवर धावून गेला, ती बंद पाडली आणि नंतर शत्रूच्या गोळीने पडला. त्याचे नाव यशवंत घाडगे, रायगड जिल्ह्यातील पळसगावचे. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्यानंतर चारच दिवसांनी, १४ जुलै १९४४ रोजी, लॉर्ड सॉमर्स इंग्लंडमध्ये मरण पावला.

३०/
या दोन मृत्यूंचा एकमेकांशी संबंध नाही. पण ८५ वर्षांचे अंतर त्यांतून मोजता येते. १८५९ मध्ये तुकडी पडली आणि नाव साहेबाचे राहिले. १९४४ मध्ये तुकडी पडली आणि नाव एका मराठी नायकाचे राहिले. हा बदल कोणाच्या कृपेने झाला नाही. १९१४ च्या ऑक्टोबरात बेल्जियममध्ये खुदादाद खानने मशीनगन सोडली नाही, तेव्हा पदकाचे दार पहिल्यांदा प्रत्यक्षात उघडले. नियम १९११ मध्ये बदलला होता, पण त्या नियमात नाव भरले ते शिपायांच्या रक्ताने.

३१/
क्लॉगस्टनचे शौर्य खरे होते. त्याच्याकडून ते काढून घेण्याचे कारण नाही. त्याच्या नातवाचे उदार मनही खरे होते. पण आजोबापासून नातवापर्यंतची ही सारी साखळी आज जोडता येते, कारण प्रत्येक टप्प्यावर कोणीतरी नाव लिहून ठेवले. गॅझेटात लिहिले, चित्रकाराच्या घरी लिहिले, सरदारांच्या वंशावळीत लिहिले आणि धावफलकावरही लिहिले. त्या ८ स्वारांनाही घरे होती. त्यांचीही नातवंडे असतील. त्यांतील कोणी आज वसमत, सेनगाव किंवा रिसोडला क्रिकेट खेळतही असेल आणि आपल्या पणजोबाच्या पणजोबाने १५ जानेवारी १८५९ रोजी काय केले हे त्याच्या कानावरही आले नसेल.

३२/
म्हणून इतिहासाच्या अभ्यासकाने एक सवय लावून घ्यावी. कोणत्याही लढाईच्या वर्णनात ‘इतके लोक कामी आले’ असे वाक्य आले की तेथे थांबावे. रिसाल्यांची हजेरीपत्रके, निवृत्तिवेतनाचे कागद, हैदराबाद रेसिडेन्सीचे राष्ट्रीय अभिलेखागारातील दप्तर, गावोगावची वतनपत्रे, घरातल्या ट्रंकेतील जुनी पदके, भाटांच्या वह्या आणि वृद्धांच्या आठवणी ही सारी साधने त्या आकड्यामागची माणसे शोधण्यासाठीच आहेत. चिचांब्याच्या धावफलकावर आज एकच नाव दिसते. उरलेली ८ नावे भरायची आहेत आणि त्या कामासाठी हिंगोली जिल्ह्यातील मुलामुलींइतके जवळचे दुसरे कोणी नाही.